उपमुख्यमंत्र्यांची सही

जळगाव जिल्ह्याच्या बोदवड तालुक्यातल्या लहानशा गावाच्या उपसरपंचालाही कायद्याचा आधार आहे. त्याची निवड कशी व्हावी, सरपंच नसताना त्याने काय करावं, त्याच्यावर अविश्वास ठराव कसा यावा, हे 1958 च्या ग्रामपंचायत अधिनियमात लिहिलेलं आहे. पंचायत समितीच्या उपसभापतीसाठी 1961 चा कायदा आहे, बाजार समितीच्या उपसभापतीसाठी 1963 चा, बोदवड नगरपंचायतीच्या उपाध्यक्षासाठी 1965 चा. राज्याचा उपमुख्यमंत्री मात्र कुठल्याच कलमात सापडत नाही. संविधानाच्या 163 आणि 164 या कलमांत राज्यपाल आहेत, मुख्यमंत्री आहेत, इतर मंत्री आहेत, उपमुख्यमंत्री नाहीत. आणि तरीही 1978 पासून महाराष्ट्रात आघाडीचं सरकार बनलं की पहिला प्रश्न निघतो तो याच पदाचा. हे पद ठेवावं की मोडीत काढावं, यावर गावोगाव दोन मतं ऐकू येतात आणि दोन्हींत तथ्य आहे. ती मांडायला मी बोदवडचे दोन कल्पित गृहस्थ समोर बसवतो. एक सर, राज्यशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. दुसरे नाना, कपाशी पिकवणारे आणि विविध कार्यकारी सोसायटीचं चेअरमनपद भोगून झालेले. माणसं कल्पित आहेत, पण ती ज्यावर बोलतात तो इतिहास खरा आहे. मला जिथे बोलावंसं वाटेल तिथे मीही बोलेन.

सर : नाना, ज्या पदाला अधिकार नाही ते पद फक्त मानाचं, आणि मानाची पदं लोकशाहीत वाढवू नयेत, एवढंच माझं म्हणणं आहे. 2 डिसेंबर 1989 ला चौधरी देवीलाल शपथ घेत होते. राष्ट्रपती वेंकटरामन ‘मंत्री’ म्हणत होते आणि देवीलाल ‘उपपंतप्रधान’. त्या शपथेला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं. 1990 मध्ये न्यायालयाने सांगितलं की शपथ वैध आहे, कारण उपपंतप्रधान म्हणवून घेतलं तरी ते मंत्रीच आहेत. शब्द केवळ वर्णनाचा आहे, त्याने पंतप्रधानांचा एकही अधिकार मिळत नाही. फेब्रुवारी 2024 मध्ये राज्यांच्या उपमुख्यमंत्र्यांविरुद्धची याचिका आली, तीही याच कारणाने फेटाळली गेली. पद घटनाबाह्य ठरत नाही, कारण त्या नावाने घटनेतलं काहीच बदलत नाही. हे तर न्यायालयाचंच म्हणणं झालं. आता याच्या शेजारी विधानसभेचे उपाध्यक्ष ठेवून पाहा. नाना पटोले यांनी फेब्रुवारी 2021 मध्ये अध्यक्षपद सोडलं आणि ते पद पुढे वर्षभराहून जास्त रिकामं राहिलं. जून 2022 मध्ये शिवसेना फुटली तेव्हा अपात्रतेच्या नोटिसा उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ यांनी काढल्या. त्या बरोबर की चूक यावर पुढे रणकंदन झालं, पण त्यांनी हात घातला तो संविधानाने उपाध्यक्षाला दिलेल्या अधिकारात. उपमुख्यमंत्र्याला असं काय दिलंय? मुख्यमंत्री आजारी पडले तर कारभार आपोआप त्याच्याकडे जातो का? जात नाही. 24 नोव्हेंबर 1963 ला मुख्यमंत्री मारोतराव कन्नमवार पदावर असताना वारले. तेव्हा राज्यात उपमुख्यमंत्री नव्हताच. पी. के. सावंत यांनी काही दिवस कारभार पाहिला, डिसेंबरच्या सुरुवातीला वसंतराव नाईक आले आणि पुढे अकरा वर्षं राहिले. पद नव्हतं म्हणून राज्याचं काही अडलं नाही.

नाना : सर, 1963 मध्ये एका पक्षाचं राज्य होतं. तेव्हा कोण गादीवर बसणार हे पक्षाच्या बैठकीत ठरायचं आणि बाहेर कुणी विचारायचं नाही. तुम्ही 1978 ला या. विधानसभेच्या निकालात जनता पक्षाला 99 जागा, रेड्डी काँग्रेसला 69, इंदिरा काँग्रेसला 62. बहुमत कुणाकडेच नाही. महिन्यापूर्वी एकमेकांच्या विरोधात प्रचार केलेल्या दोन काँग्रेस एका मंत्रिमंडळात बसवायच्या होत्या. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री झाले आणि इंदिरा काँग्रेसचे नाशिकराव तिरपुडे उपमुख्यमंत्री. महाराष्ट्रातले ते पहिले. ते पद नसतं तर 62 आमदारांच्या पक्षाने आपल्या लोकांना काय दाखवलं असतं? सोसायटीच्या निवडणुकीत दोन पॅनेल एकत्र आली की चेअरमन एकाचा, व्हाइस चेअरमन दुसऱ्याचा. त्याशिवाय सभासद सही करत नाहीत. भागीदारी दिसावी लागते सर. नुसत्या शब्दावर कार्यकर्ता थांबत नाही.

सर : आणि ती भागीदारी टिकली किती? मार्च ते जुलै. 18 जुलै 1978 ला शरद पवारांनी बाहेर पडून पुरोगामी लोकशाही दलाचं, म्हणजे पुलोदचं, सरकार बनवलं. तिथेही उपमुख्यमंत्री आलेच, बीडचे सुंदरराव सोळंके. ते सरकार फेब्रुवारी 1980 मध्ये इंदिरा गांधींनी बरखास्त केलं. पहिल्या दोन उपमुख्यमंत्र्यांच्या काळात एकही सरकार दोन वर्षं टिकलं नाही. तुम्ही ज्याला भागीदारी म्हणता तो सांधा धरत नाही.

इथे मला दोघांना थांबवावंसं वाटतं. सरांनी सरकार पडल्याचा दोष पदावर टाकला आणि नानांनी सरकार बनल्याचं श्रेय पदाला दिलं. दोघांनीही पदाला त्याच्या वकुबापेक्षा जास्त मोठं केलं. तिरपुडे पायउतार झाले ते आमदार फुटले म्हणून. सोळंके गेले ते दिल्लीत सत्ता बदलली म्हणून. पदाने त्यांना आणलं नाही आणि पदाने त्यांना वाचवलंही नाही. त्यांच्या मागचं संख्याबळ त्यांना घेऊन आलं. तिसरे उपमुख्यमंत्री रामराव आदिक. फेब्रुवारी 1983 मध्ये वसंतदादा पुन्हा मुख्यमंत्री झाले तेव्हा काँग्रेसकडे निर्विवाद बहुमत होतं, आघाडीची गरजच नव्हती. तरी उपमुख्यमंत्री नेमला गेला, कारण पक्षाच्या आतल्या गटांचं गणित बाहेरच्या आघाडीइतकंच अवघड झालं होतं. म्हणजे हे पद पक्षापक्षांतल्या सौद्याची नोंद असतं किंवा पक्षातल्या गटांच्या सौद्याची. नोंदीला स्वतःची ताकद नसते. तिच्यामागे कोण किती आमदार घेऊन उभा आहे, यावर तिची पत ठरते.

ही गोष्ट 1995 नंतर आणखी उघड होते. शिवसेनेला 73 जागा, भाजपला 65. मनोहर जोशी मुख्यमंत्री, गोपीनाथ मुंडे उपमुख्यमंत्री. 1999 ला काँग्रेस 75, राष्ट्रवादी 58. विलासराव देशमुख मुख्यमंत्री, छगन भुजबळ उपमुख्यमंत्री. ज्याच्या जागा जास्त त्याचा मुख्यमंत्री, असा अलिखित नियमच झाल्यासारखा वाटू लागला. 2004 मध्ये तो मोडला. राष्ट्रवादीला 71 आणि काँग्रेसला 69 जागा मिळाल्या, तरी मुख्यमंत्रिपद काँग्रेसकडे गेलं. राष्ट्रवादीने उपमुख्यमंत्रिपद आणि वाढीव मंत्रिपदं घेतली. दोन आमदार जास्त असलेला पक्ष दुसऱ्या खुर्चीवर का बसला, याचा कागद महाराष्ट्रासमोर कधी आला नाही. मला या सगळ्या इतिहासातली ही सर्वांत महत्त्वाची घटना वाटते. मतदाराने दिलेल्या आकड्यांचं पदांत रूपांतर बंद खोलीत झालं आणि त्या रूपांतराचा हिशेब कुणीच मागितला नाही.

नाना : तुम्ही हिशेब म्हणता, पण त्या पदावर बसलेल्यांनी काम केलंय. मुंड्यांकडे गृह होतं. भुजबळांकडे गृह होतं. आर. आर. पाटलांकडे गृह होतं. उपमुख्यमंत्र्याला अधिकार नाही असं या तिघांबद्दल कोण म्हणेल?

सर : मीच म्हणेन. तो अधिकार गृहमंत्र्याचा होता नाना. 26 नोव्हेंबर 2008 च्या हल्ल्यानंतर 1 डिसेंबरला आर. आर. पाटलांनी राजीनामा दिला. तो कशाबद्दल? पोलीस त्यांच्या खात्यात होते म्हणून. उपमुख्यमंत्री या नात्याने त्यांची वेगळी जबाबदारी कुणी मांडली नाही, कारण तशी जबाबदारी नव्हतीच. दिल्लीतला दाखला तर याहून स्पष्ट आहे. 1967 मध्ये मोरारजी देसाई उपपंतप्रधान आणि अर्थमंत्री झाले. जुलै 1969 मध्ये इंदिरा गांधींनी त्यांचं अर्थखातं काढून घेतलं. उपपंतप्रधानपद तसंच राहू दिलं होतं. मोरारजींनी ते घेतलं नाही, राजीनामा दिला. मुंबई राज्याचं मुख्यमंत्रिपद सांभाळलेला माणूस होता तो. बिनखात्याच्या उपपदात काय असतं हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

मोरारजींचा दाखला नानांना खोडता येणार नाही आणि मलाही खोडायचा नाही. दिल्लीतल्या उपपंतप्रधानांची सगळी ओळच हे सांगते. वल्लभभाई पटेल पहिले. 1947 ते 1950. त्यांच्याकडे गृहखातं होतं, संस्थानांचं खातं होतं आणि पक्षसंघटना मुठीत होती. पद काढून घेतलं असतं तरी ते पटेलच राहिले असते. जानेवारी 1979 मध्ये जनता पक्षाने चरणसिंग आणि जगजीवनराम असे एकदम दोन उपपंतप्रधान केले. सहा महिन्यांत सरकार कोसळलं. आणि मग आले यशवंतराव चव्हाण, या पदावर पोचलेले एकमेव मराठी नेते. जुलै 1979 मध्ये विरोधी पक्षनेते म्हणून मोरारजींवर अविश्वास ठराव त्यांनीच मांडला होता. महिना संपायच्या आत चरणसिंगांच्या मंत्रिमंडळात ते उपपंतप्रधान आणि गृहमंत्री झाले. 20 ऑगस्टला इंदिरा गांधींचा पाठिंबा गेला आणि लोकसभेला सामोरं न जाताच चरणसिंगांनी राजीनामा दिला. महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री, चीनच्या आक्रमणानंतर संरक्षणखातं सावरायला बोलावलेले नेते, देशातल्या दुसऱ्या खुर्चीवर बसले ते बहुतांश काळजीवाहू सरकारात. एवढ्या मोठ्या माणसाच्या आयुष्यात या पदाने काही भर घातली असं मला वाटत नाही. ज्या पदामागे संख्या नाही ते यशवंतरावांसारख्यालाही उभं करू शकलं नाही.

महाराष्ट्रातली यादीही तेच दाखवते. तिरपुडे, सोळंके, आदिक, मुंडे, भुजबळ, विजयसिंह मोहिते पाटील, आर. आर. पाटील: यांच्यापैकी कुणीही मुख्यमंत्री झालं नाही. इतक्या वेळा शपथ घेऊनही अजित पवारांना उपमुख्यमंत्रिपदाने वरची पायरी दिली नाही. 2012 च्या सप्टेंबरात त्यांनी राजीनामा दिला, ते परत आले. 2019 मध्ये एकाच वर्षात दोन वेगळ्या मुख्यमंत्र्यांबरोबर शपथ घेतली, पहिली 23 नोव्हेंबरला, जी 26 तारखेला संपली, आणि दुसरी 30 डिसेंबरला. या पदावरून मुख्यमंत्री झाले ते एकटे देवेंद्र फडणवीस, आणि तेही आधी पाच वर्षं मुख्यमंत्री राहिलेले. त्यांच्याच सरकारात 5 डिसेंबर 2024 ला एकनाथ शिंदे मुख्यमंत्रिपद सोडून उपमुख्यमंत्री झाले. उपपद म्हणजे वारसा, असा जो समज आहे तो महाराष्ट्रापुरता तरी निराधार आहे.

सर : मग माझाच मुद्दा सिद्ध होतो. आणखी एक पुरावा देतो. 2014 ते 2019 फडणवीसांच्या मंत्रिमंडळात उपमुख्यमंत्री नव्हता. 122 आमदारांचा भाजप, 63 आमदारांची शिवसेना. डिसेंबर 2014 मध्ये सेना सरकारात आली, उपमुख्यमंत्रिपदाशिवाय. आणि सरकारने पूर्ण पाच वर्षं काढली. वसंतराव नाइकांनंतर सलग पाच वर्षं पूर्ण करणारे मुख्यमंत्री म्हणून फडणवीसांचं नाव घेतात, ते याच उपमुख्यमंत्री नसलेल्या काळासाठी. तुमच्या मुक्ताईनगर मतदारसंघाचे एकनाथ खडसे तेव्हा महसूल, कृषी अशी वजनदार खाती घेऊन मंत्रिमंडळात दुसऱ्या क्रमांकावर होते. पदाची पाटी नव्हती, पण वजन होतं. जून 2016 मध्ये त्यांना राजीनामा द्यावा लागला तेव्हा पाटी असती तरी ती उपयोगी पडली नसती.

नाना : पाच वर्षं काढली, पण कशी काढली ते पण सांगा. मंत्रिमंडळात बसलेला मित्रपक्ष रोज विरोधी पक्षासारखा बोलत होता. त्याला सरकारात जागा होती, सरकार आपलं आहे असं वाटायला जागा नव्हती. 2019 मध्ये जे तुटलं ते त्या पाच वर्षांत आतून झिजलेलं होतं. आणि खडसेंचं नाव काढलंत म्हणून बोलतो. खानदेशातून आजवर एक मुख्यमंत्री नाही, एक उपमुख्यमंत्री नाही. विदर्भाला मिळालं, मराठवाड्याला मिळालं, पश्चिम महाराष्ट्राला तर किती वेळा मिळालं. जळगाव जिल्ह्याने प्रतिभाताई पाटील यांच्या रूपाने देशाला राष्ट्रपती दिल्या, त्या इथल्याच जुन्या एदलाबाद मतदारसंघातून वर आलेल्या. पण मंत्रालयात जिथे पैसा वाटला जातो तिथली खुर्ची आपल्याला नाही. संविधानाच्या 371(2) कलमाने विभागांच्या समतोल विकासाची सोय केली, 1994 मध्ये वैधानिक मंडळं आली. त्यांत विदर्भ वेगळा, मराठवाडा वेगळा, आणि आपण ‘उर्वरित महाराष्ट्र’ म्हणून पुण्या-कोल्हापूरबरोबर एका पंगतीत. तिथे बोदवडची कोरडवाहू जमीन आणि कोल्हापूरचा ऊस यांची सरासरी निघते. त्या मंडळांची मुदतही एप्रिल 2020 मध्ये संपली. मग आमच्यासारख्यांनी उपमुख्यमंत्रिपद मागू नये तर काय मागावं?

नानांच्या या तक्रारीत जी वेदना आहे ती खरी आहे आणि ‘उर्वरित’ या वर्गवारीने खानदेशाचं मागासलेपण झाकलं गेलं हेही खरं आहे. पण त्यावरचा त्यांचा उपाय इतिहासाला धरून नाही. मराठवाड्याकडे सोळंके होते, मुंडे होते, शंकरराव चव्हाणांपासून विलासरावांपर्यंत मुख्यमंत्रीही होते. तरी 1983 मध्ये नेमलेल्या दांडेकर समितीने जो अनुशेष मोजला, त्याच प्रश्नाकडे वळायला तीन दशकांनी केळकर समिती बसवावी लागली. माणूस आपल्या भागाचा असणं आणि पाणी आपल्या शेतात येणं यांच्यामध्ये बराच मोठा रस्ता आहे, आणि तो रस्ता मंत्रालयातल्या फायलीचा आहे. हा सगळा वाद तिथे नेऊन पाहिला पाहिजे.

पूर्णा नदीचं पाणी उपसून बोदवड परिसराला देणारी उपसा सिंचन योजना घ्या. वर्षानुवर्षं चाललेल्या अशा कुठल्याही योजनेचा खर्च वाढत जातो आणि मूळ मंजुरी अपुरी पडते. मग लागते सुधारित प्रशासकीय मान्यता, जिला कंत्राटदारापासून आमदारापर्यंत सगळे ‘सुप्रमा’ म्हणतात. तिचा प्रस्ताव जळगावच्या तापी पाटबंधारे विकास महामंडळातून निघतो, तांत्रिक छाननीतून जातो, जलसंपदा विभागात येतो. तिथून नियोजन आणि वित्त विभागांचे अभिप्राय लागतात. दर वर्षी किती निधी देता येईल, आधीची देणी किती, वाढीव दर कशाने आले, असे शेरे पडतात, प्रस्ताव खुलाशासाठी खाली येतो, पुन्हा वर जातो. मोठा खर्च असेल तर शेवटी मंत्रिमंडळासमोर. या वाटेवर उपमुख्यमंत्री कुठे असतो? त्याच्याकडे अर्थ असेल तर एका वळणावर असतो, जलसंपदा असेल तर दुसऱ्या. आणि अलीकडे आणखी एक वळण आलं आहे. 2023 मध्ये अजित पवार अर्थमंत्री झाल्यावर त्यांच्याकडच्या फायली आधी फडणवीसांकडे आणि मग मुख्यमंत्री शिंद्यांकडे जाऊ लागल्या. मार्च 2025 मध्ये माणसं बदलली, क्रम बदलला: पवार, मग शिंदे, मग मुख्यमंत्री फडणवीस. एका साध्या प्रशासकीय आदेशाने उपमुख्यमंत्र्याच्या टेबलावर फाइल थांबवण्याची ताकद ठेवली गेली. उपपद नुसतं नावापुरतं आहे हे सरांचं म्हणणं इथे लटकं पडतं. घटनेने काही दिलं नाही, न्यायालयाने काही दिलं नाही, पण सहीचा एक टप्पा दिला गेला, आणि सरकारी कामात सहीचा टप्पा म्हणजेच अधिकार.

म्हणून माझं मत दोघांपेक्षा वेगळं आहे. पद मोडीत काढू नये आणि संविधानातही घालू नये. आघाडीची सरकारं महाराष्ट्रात राहणार आहेत, त्यांना भागीदारी दाखवावी लागणार आहे, आणि ती दाखवण्यासाठी हे पद वापरलं जाणार आहे. एक कारण आकड्यांचंही आहे. 2003 च्या 91 व्या घटनादुरुस्तीने मंत्रिमंडळाला पंधरा टक्क्यांची मर्यादा घातली. 288 आमदारांच्या महाराष्ट्रात मुख्यमंत्री धरून 43 मंत्री, त्याहून एक जास्त नाही. मंत्रिपदं वाढवता येत नाहीत, पण आहे त्याच मंत्र्याला उपमुख्यमंत्री म्हणायला कसलीच मर्यादा नाही. आंध्रात 2019 मध्ये जगनमोहन रेड्डींनी एकदम पाच उपमुख्यमंत्री केले, वेगवेगळ्या समाजघटकांतून. इतर राज्यांतही दोन-दोन उपमुख्यमंत्री नेहमीचे झाले आहेत. जे फुकट वाटता येतं ते वाटलं जाणारच. प्रश्न एवढाच राहतो की वाटताना जो अधिकार बरोबर दिला जातो तो उघड करायचा की नाही. माझं म्हणणं, करायचा. प्रत्येक सरकार बनताना उपमुख्यमंत्र्याकडे कोणत्या वर्गातल्या फायली जातील, मुख्यमंत्री परदेशी किंवा आजारी असताना कोणतं काम तो पाहील, मतभेद झाला तर निर्णय कुणाचा, हे संविधानाच्या 166 व्या कलमाखालच्या कार्यनियमावलीत लिहावं आणि विधिमंडळाच्या पटलावर ठेवावं. 2019 च्या महाविकास आघाडीने किमान समान कार्यक्रम छापला होता. त्यात कर्जमाफीपासून रोजगारापर्यंतची धोरणं होती. सत्ता कशी वाटून चालवायची हे त्यात नव्हतं, आणि ते सरकार मोडायला लागलं तेव्हा निधी कुणाला किती मिळतो हीच फुटणाऱ्यांची मोठी तक्रार होती.

सर : तुम्ही लेखणीने एक नवं सत्ताकेंद्र उभं करताय. मुख्यमंत्री हा मंत्रिमंडळाचा प्रमुख. मंत्री त्याच्या सल्ल्याने नेमले जातात, मंत्रिमंडळ सामूहिकपणे विधानसभेला जबाबदार असतं. उपमुख्यमंत्र्याचा वाटा नियमात लिहिलात की मुख्यमंत्र्याला त्याचा आदेश फिरवता येणार नाही. मग जबाबदार कोण?

सरांचा हा आक्षेप सर्वांत वजनदार आहे आणि त्याला ब्रिटनचं उत्तर आहे. घटनेतलं स्थान नसलेलं उपपंतप्रधानपद तिथेही आहे. युद्धकाळातल्या संयुक्त सरकारात 1942 मध्ये क्लेमंट ॲटली यांना ते मिळालं. पण 2010 मध्ये कॉन्झर्व्हेटिव्ह आणि लिबरल डेमोक्रॅट एकत्र आले तेव्हा त्यांनी कार्यक्रमाखेरीज सरकार चालवण्याच्या पद्धतीचा एक स्वतंत्र मसुदा जाहीर केला. मंत्र्यांची नेमणूक पंतप्रधानच करणार, पण उपपंतप्रधान निक क्लेग यांच्याशी विचारविनिमय करून, असं त्यात लिहिलं होतं. पंतप्रधानांचं अंतिम स्थान त्याने हललं नाही. ते सरकार पाच वर्षं चाललं. आपल्याकडे फायलींचा क्रम ठरवणारे आदेश निघतातच. म्हणजे दुसरं सत्ताकेंद्र आज आहेच, फक्त ते विधानसभेला दिसत नाही. ते कागदावर आणल्याने निर्माण होत नाही, विचारण्याजोगं होतं. अंतिम निर्णय मुख्यमंत्र्यांचाच, एवढं एक वाक्य त्या नियमात घातलं तर सामूहिक जबाबदारीलाही बाध येत नाही.

नाना : कागदावर आणल्याने आमच्या पाटाला पाणी येईल का?

नाही, आपोआप येणार नाही. कार्यनियमावलीने कुणाच्या शेतात पाणी जात नाही. 2004 च्या सौद्यासारखे सौदे बंद खोलीतच होत राहतील, हेही मी धरून चालतो. पण आज योजना रखडली की बोदवडचा माणूस पालकमंत्र्याकडे जातो, तिथून त्याला जलसंपदाकडे पाठवतात, तिथे ‘फाइल वित्तला आहे’ असं उत्तर मिळतं आणि वित्तमधून ‘वर गेली आहे’. वर म्हणजे नेमकं कुठे, हे आज उघडपणे कुणी सांगत नाही, कारण वरचा टप्पा नियमात नाही. तो नियमात असेल आणि पटलावर ठेवलेला असेल, तर मुक्ताईनगरचा आमदार, तो कुठल्याही पक्षाचा असो, तारांकित प्रश्न टाकू शकेल: अमुक योजनेची सुप्रमा उपमुख्यमंत्र्यांच्या कार्यालयात कोणत्या तारखेला आली, कोणत्या तारखेला गेली, काय शेरा पडला. खानदेशाचा उपमुख्यमंत्री झाला तरी हा प्रश्न विचारावाच लागेल, आणि तो बारामतीचा, ठाण्याचा किंवा नागपूरचा असला तरीही.

सर : आणि उत्तर द्यायला तो स्वतः उभा राहील?

नियमात तसं लिहिलं तर राहील. मंत्री आपल्या खात्याच्या प्रश्नाला उत्तर देतो, तसंच उपमुख्यमंत्र्याने आपल्या सहीच्या टप्प्याबद्दल द्यावं. नानांना यात एक मुदतही हवी आहे: ठरलेल्या दिवसांत फाइल पुढे गेली नाही तर ती शेऱ्याविना मुख्यमंत्र्यांकडे गेली असं समजावं. सरांना ते मान्य नाही. त्यांच्या मते अर्थखात्याच्या तपासणीला घड्याळ लावणं धोक्याचं आहे, घाईने दिलेल्या सुप्रमांनीच पाटबंधाऱ्यांचे खर्च फुगवले. या एका मुद्द्यावर मी सरांच्या बाजूने आहे. मुदत नको, तारखा हव्यात, आणि त्या तारखा दर अधिवेशनात छापून याव्यात.